उतार आहे, पण खिडकी उंचावर

मालमत्ता कराच्या बिलातील नावाची दुरुस्ती करण्यासाठी व्हीलचेअरवरील वडिलांना घेऊन आमच्या प्रभागातील नागरी सुविधा केंद्रात गेलो, तेव्हा प्रवेशद्वाराशी केलेला नवा उतार पाहून प्रथम बरे वाटले. उताराचे प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, असे अपेक्षित असते; येथे मात्र तीन पायऱ्यांची उंची जेमतेम पाच फुटांत उरकली असल्याने सुरक्षारक्षकाला हात लावावा लागला. आत खिडकीचा कट्टा वडिलांच्या कपाळापर्यंत येत होता, त्यामुळे अर्ज त्यांचा असूनही सगळे प्रश्न मलाच विचारले गेले. टोकन क्रमांक केवळ पडद्यावर झळकतो, पुकारला जात नाही; दृष्टिहीन नागरिकाने तो कसा ओळखावा, हे कोणालाच सांगता आले नाही. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात तर जुन्या फायलींचे गठ्ठे होते! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती, आणि ते नियम 2017 मध्येच आले. एका लिपिक बाईंनी मात्र स्वतः बाहेर येऊन, वडिलांशेजारी बसून सही घेतली. पाचपैकी दोन तारे, आणि तेही त्यांच्यामुळेच.