एकच रात्र आहे : 'झेड' बघू की 'शांघाय'?

भाचीचा भांडुपहून मेसेज आला. "मामा, राजकीय खून आणि त्याची चौकशी, असा एकच सिनेमा सांग. 'झेड' की 'शांघाय'? उद्या पहिली शिफ्ट आहे, पाल्हाळ नको." पाल्हाळ झालंच, म्हणून ते इथे.

दोन्ही सिनेमे एकाच कादंबरीतून आले, ग्रीक लेखक वासिलिस वासिलिकोसच्या. तिच्यामागची घटना खरी आहे. मे १९६३मध्ये थेसालोनिकीत सभा आटोपून निघालेल्या ग्रिगोरिस लाम्ब्राकिस या खासदाराच्या डोक्यात तीनचाकी टेम्पोतून फटका घातला गेला, आसपास पोलीस असताना. पाच दिवसांनी ते गेले. सरकारी म्हणणं : अपघात!

कोस्टा-गावरासचा 'झेड' १९६९चा, फ्रेंच भाषेतला. ग्रीसमध्ये तेव्हा लष्कराची हुकूमशाही, म्हणून शूटिंग अल्जिअर्समध्ये झालं. संगीत मिकिस थिओडोराकिसचं, आणि तो स्वतः मायदेशात स्थानबद्ध. सुरुवातीलाच पाटी येते की खऱ्या माणसांशी असलेलं साम्य योगायोग नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे. आपल्याकडच्या पाट्या वाचून मोठं झालेल्याला इथेच चपराक बसते.

पण सिनेमा आहे तो तपास करणाऱ्या दंडाधिकाऱ्याचा. जाँ-लुई त्रँतिन्याँ काळ्या चष्म्याआड जवळजवळ काहीच अभिनय करत नाही. कुणी 'खून' म्हणालं की हा थांबवतो, 'घटना' म्हणा. आणि मग एकदा त्याच्याच तोंडून तो शब्द निसटतो. पुढे पदकं लटकवलेले अधिकारी एकेक करून येतात, हा थंडपणे विचारतो : नाव, आडनाव, व्यवसाय. मागे टाइपरायटरचा खडखडाट. एकही गोळी सुटत नाही आणि आपण खुर्चीच्या टोकावर. खऱ्या तपासातले दंडाधिकारी ख्रिस्तोस सार्त्झेताकिस १९८५मध्ये ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले.

दिबाकर बॅनर्जीचा 'शांघाय' २०१२चा. भारतनगर नावाचं काल्पनिक गाव, तिथे बिझनेस पार्क येणार, वस्ती उठणार, विरोध करणाऱ्या डॉ. अहमदींना गाडी उडवते. चौकशी कुणाकडे? त्याच प्रकल्पाचं काम बघणाऱ्या आयएएस कृष्णनकडे! इथे आपण मुंबईकर खजील हसतो. 'मुंबईचं शांघाय करू' हे आपण ऐकलेलं आहे. मी परळचा, गिरण्यांच्या जागी टॉवर उगवताना पाहिले, पुनर्विकासाच्या मीटिंगला दारात उभी राहणारी पोरंही पाहिली. या सिनेमातली 'जय प्रगती' म्हणणारी पोरं मला अनोळखी वाटली नाहीत.

कृष्णन झालेल्या अभय देओलचे तमिळ उच्चार मध्येच खटकतात. पण पोट सुटलेला, डागाळलेल्या दातांचा व्हिडिओवाला इम्रान हाश्मी आणि गोड बोलून फाइल मिटवायला सांगणारा फारुख शेख, दोघेही अस्सल. फारुख शेखसारखे साहेब मंत्रालयात काम पडलेल्या प्रत्येकाने पाहिले असतील.

फरक तपासाच्या जातीत आहे. 'झेड'मधला माणूस कायद्याचा धागा धरून वर वर चढत जातो. कृष्णनला कळतं की जिना वरून बंद आहे. मग तो काय करतो ते सांगत नाही. 'झेड' धावतो, 'शांघाय' आत मुरतो, मधे थोडा रेंगाळतोही.

माझं मत 'झेड'ला. सबटायटल्स भराभर जातात, त्यामुळे जेवण आधी उरका आणि मोबाइल लांब ठेवा. आई-बाबा सोबत बसणार असतील, वाचायचा कंटाळा असेल, तर 'शांघाय' लावा. पावणेदोन तासांच्या जरा वर, झोप बुडणार नाही.

कुणीतरी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनावरचा, ऑलिव्हर स्टोनचा १९९१चा 'जेएफके' सुचवेलच. संकलन अफाट, पण त्यातला बराच भाग दिग्दर्शकाचा तर्क आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. शिवाय लांबी तीन तास नऊ मिनिटं. पहिली शिफ्ट असणाऱ्यांनी नाद करू नये.