हिट्सचा संग्रह घ्यायचाय, पण कोणता?

एखाद्या मुरलेल्या पॉप गायकाकडे पहिल्यांदा वळायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. तीस-चाळीस वर्षांची कारकीर्द, अल्बमची ही मोठी रांग. मग आपण ‘ग्रेटेस्ट हिट्स’ शोधतो, तर एकाच गायकाचे तीन-चार संग्रह समोर येतात. मुखपृष्ठावर तोच चेहरा, निम्मी गाणीही तीच. बहुतेक जण ज्यात गाणी जास्त तो संग्रह उचलतात. मीही कित्येक वर्षं तेच करत होते. आता कोणी विचारलं, तर मी आधी दोनच गोष्टी बघायला सांगते: गाणं मूळ रूपात आहे का, आणि गाणी कुठल्या क्रमाने लावली आहेत.

क्रमाचा एवढा आग्रह का, ते एल्टन जॉनच्या दोन संग्रहांवरून चटकन कळेल.

1974 चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणजे जेमतेम दहा गाणी. अमेरिकेत तो सलग दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यात एकही भरतीचं गाणं नाही. ‘युअर सॉंग’, ‘डॅनियल’, ‘रॉकेट मॅन’, ‘क्रोकोडाइल रॉक’ एकामागून एक येतात आणि पाऊण तासात संपतात. याच्या शेजारी ठेवा 2017 चा ‘डायमंड्स’. दोन डिस्कच्या आवृत्तीत 34 गाणी आहेत, तीन डिस्कच्या आवृत्तीत 51, आणि पहिल्या दोन डिस्कवर ती साधारण कालक्रमाने लावलेली आहेत.

आता ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’ लावा आणि ध्रुवपद संपता संपता तो वर उचलतो ते नुसते ‘आ-आ’ ऐका. शब्द नाहीत, तार सप्तकातला हलका, जवळजवळ पारदर्शक आवाज. 1987 च्या सुरुवातीला त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज पुन्हा तसा आला नाही. ‘डायमंड्स’मध्ये पुढे सरकत 1989 च्या ‘सॅक्रिफाइस’पर्यंत या. गळा खाली उतरलाय, रुंद झालाय. जिथे तो पूर्वी सहज वर गेला असता, तिथे आता तो शब्दावर रेंगाळतो, वजन देतो. हे दोन्ही आवाज मला सारखेच प्रिय आहेत. पण एक हरवला आणि त्या जागी दुसरा आला, हे कळतं ते गाणी वर्षांच्या ओळीत ऐकली तरच. 1974 च्या संग्रहात दुसरा आवाज असायचा प्रश्नच नाही.

त्या जुन्या संग्रहात आणखी एक मोठी उणीव आहे. ‘टायनी डान्सर’ त्यात नाही. पुढे त्याच्या मैफलींत ज्या गाण्यावर सगळे एका सुरात गायचे, ते त्या वेळी हिट नव्हतं, म्हणून राहून गेलं. शिवाय मूळ एलपीत अमेरिकेतल्या श्रोत्यांना ‘बेनी अँड द जेट्स’ मिळालं, तर ब्रिटनमधल्यांना त्याच जागी ‘कॅंडल इन द विंड’. पुढे 1992 च्या सीडीत दोन्ही आली. तेव्हा जुनी एलपी घेणार असाल तर मागची यादी वाचूनच घ्या. माझा कौल ‘डायमंड्स’ला, दोन डिस्कच्या आवृत्तीला. तिसरी डिस्क चाहत्यांसाठी आहे, नवख्याने ती नंतर घ्यावी.

मॅडोनाच्या बाबतीत निर्णय अवघड आहे आणि त्यावर माझी बरीच रात्रपाळी झाली आहे.

1990 चा ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ हा पॉपमधला सर्वांत गाजलेल्या संग्रहांपैकी एक. सतरा गाणी, त्यातली पंधरा आधीची आणि दोन नवी, ‘जस्टिफाय माय लव्ह’ व ‘रेस्क्यू मी’. गाणी जवळपास कालक्रमाने, ‘हॉलिडे’पासून ‘व्होग’पर्यंत. मी वर सांगितलेल्या दोनपैकी एका परीक्षेत तो पहिल्या नंबराने पास होतो. दुसरीत मात्र नापास, कारण यातली गाणी मूळ रूपात नाहीत. ‘क्यूसाउंड’ नावाचं तंत्र वापरून सगळं नव्याने मिक्स केलं. दोनच स्पीकरमधून आवाज स्पीकरच्याही बाहेरून आल्यासारखा वाटावा, असं ते तंत्र. त्यात एका सीडीवर तेव्हा साधारण 74 मिनिटंच मावत, म्हणून बरीच गाणी कापली गेली. ‘एक्सप्रेस युअरसेल्फ’ तर अल्बमवरचं नाहीच, शेप पेटिबोन या निर्मात्याच्या रीमिक्सवरचं आहे. अल्बमवर जिथे खरीखुरी वाटणारी ब्रासची साथ आहे, तिथे इथे डान्स फ्लोअरचा ठेका येतो.

तरीही हा संग्रह मी सोडत नाही. एकाच तंत्राने सगळं मिक्स केल्यामुळे सात-आठ वर्षांत, वेगवेगळ्या निर्मात्यांकडे झालेली गाणी एकाच बैठकीत गायल्यासारखी सलग वाटतात. कापाकापी केलीय ती गाण्याची चाल ओळखणाऱ्याने. आणि ‘लिव्ह टू टेल’च्या मध्यावर सगळं थांबतं, नुसता सूर धरून ठेवलेला राहतो आणि मग ती हळूच परत येते, ती जागा हेडफोनवर ऐका.

याउलट 2009 चा ‘सेलिब्रेशन’. दोन डिस्क, 36 गाणी. गाणी मोजणाऱ्याला हाच घ्यावासा वाटेल, आणि त्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दाही आहे. ‘हूज दॅट गर्ल’ 1987 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, पण ‘इमॅक्युलेट’मध्ये त्याला जागा मिळाली नाही. इथे ते आहे. ‘फ्रोझन’, ‘म्युझिक’, ‘हंग अप’ आहेत. पण क्रम? 1989 च्या ‘लाइक अ प्रेअर’ला लागून 1998 चं ‘रे ऑफ लाइट’. दुसऱ्या डिस्कवर ‘फ्रोझन’नंतर 2008 चं ‘माइल्स अवे’, मग 1994 चं ‘टेक अ बाउ’, मग 1986 चं ‘लिव्ह टू टेल’. पत्ते पिसावेत तशी वर्षं पिसली आहेत.

मला हे का खटकतं ते सांगते. 1996 च्या ‘एविटा’ चित्रपटासाठी मॅडोनाने रीतसर गळ्याची तालीम घेतली. त्याआधीचा तिचा आवाज चिमखडा, टोकदार, थोडा नाकातला. त्यानंतरचा छातीतून येणारा, श्वास पुरवून वापरणारा. ‘रे ऑफ लाइट’मधला तो लांब ताणलेला वरचा सूर 1984 ची मॅडोना लावूच शकली नसती. एका मोठ्या गायिकेने पस्तिशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन आवाज कमावला, ही तिच्या कारकिर्दीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट. ‘सेलिब्रेशन’मध्ये ती ऐकूच येत नाही. आणि जिथे हा बदल पहिल्यांदा कानावर पडतो ते ‘डोन्ट क्राय फॉर मी अर्जेंटिना’ त्यात घेतलेलंही नाही. ते 2001 च्या ‘जीएचव्ही 2’मध्ये, म्हणजे तिच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या दुसऱ्या खंडात आहे.

म्हणून नाचायला, प्रवासात लावायला काही हवं असेल तर ‘सेलिब्रेशन’ घ्या, मजा येईल. तिला समजून घ्यायचं असेल तर आधी ‘इमॅक्युलेट’, मग ‘जीएचव्ही 2’. 2022 चा ‘फायनली इनफ लव्ह’ मात्र पहिला म्हणून अजिबात नको. त्याच्या मोठ्या आवृत्तीत डान्स क्लबच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या तिच्या पन्नास गाण्यांचे रीमिक्स आहेत. मूळ गाणी पाठ असतील तर त्यांची खरी गंमत.

रीमिक्सवरून व्हिटनी ह्यूस्टन. इथे मी ठाम आहे.

2000 साली आलेल्या ‘द ग्रेटेस्ट हिट्स’च्या दोन डिस्कपैकी पहिलीवर संथ गाणी आहेत आणि ती सुंदर आहे. दुसरीवर द्रुत लयीची गाणी, पण त्यातली ‘हाउ विल आय नो’ आणि ‘आय वॉना डान्स विथ समबडी’ यांसारखी गाणी क्लब रीमिक्सच्या रूपात. आता ‘आय वॉना डान्स’ मूळ 1987 चं आठवा. शब्द सुरू व्हायच्या आधीच तिचे ते उत्साहाचे हुंकार, ब्रासचे तुकडे, आणि शेवटाकडे पट्टी वर चढते तेव्हा ती जणू वाटच बघत होती अशी झेपावते. गाण्याचा सगळा आनंद त्या चढणीत आहे. रीमिक्समध्ये ठेका सतत एकसारखा चालू राहतो आणि त्या चढणीला तोलून धरणारं काही उरत नाही. रीमिक्स करणारे आपल्या कामात तरबेज होते, यात शंका नाही. पण ज्याने व्हिटनी कधी ऐकलीच नाही, त्याच्या हाती हे पहिल्यांदा पडू नये.

त्याऐवजी तिच्या निधनानंतर नोव्हेंबर 2012 मध्ये आलेला ‘आय विल ऑलवेज लव्ह यू: द बेस्ट ऑफ व्हिटनी ह्यूस्टन’ घ्या. तिची गाणी जशी घराघरांत पोचली तशीच त्यात आहेत. शीर्षकगीत डॉली पार्टनचं, 1970 च्या दशकातलं. व्हिटनीने ते 1992 मध्ये ‘द बॉडीगार्ड’साठी गायलं. सुरुवातीला कसलीही साथ नाही, उघडा गळा आणि शब्दांमधली शांतता. शेवटच्या ध्रुवपदाआधी क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि ती वरच्या पट्टीत शिरते. हे गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय, त्या ठोक्याआधी अजूनही श्वास रोखला जातो.

आता माझ्याच नियमाला अपवाद. जॉर्ज मायकलचा 1998 चा ‘लेडीज अँड जंटलमेन’ कालक्रम पूर्ण बाजूला ठेवतो. पहिली डिस्क ‘हृदयासाठी’, दुसरी ‘पायांसाठी’. पहिलीची सुरुवात ‘जीझस टू अ चाइल्ड’ने होते, पुढे ‘फादर फिगर’, ‘केअरलेस व्हिस्पर’, आणि शेवटाला ‘अ डिफरंट कॉर्नर’. चौदा वर्षांतली गाणी उलटसुलट, तरी कुठेही ठेच लागत नाही, कारण विशीतच त्याचा गळा पक्का झाला होता आणि त्याचा संयमही. रात्री दिवा मालवून पहिली डिस्क ऐकावी.

2006 चा ‘ट्वेंटीफाइव्ह’ही मूडप्रमाणे विभागलेला आहे, पण प्रत्येक डिस्क आतून बरीचशी कालक्रमाने चालते आणि ‘व्हॅम’ या त्याच्या आधीच्या जोडगोळीच्या काळातली गाणीही घेते. ‘लास्ट ख्रिसमस’ हवं असेल तर ते इथे आहे, ‘लेडीज’मध्ये नाही. ‘हील द पेन’ पॉल मॅकार्टनीबरोबर नव्याने गायलंय, ते कानाला गोड आहे. मात्र अरिथा फ्रँकलिनबरोबरचं युगुलगीत ‘लेडीज’मध्येच आहे, आणि ते मी कशासाठीही सोडणार नाही. दोन्हींतला एकच घ्यायचा तर मी ‘लेडीज’ घेईन. तुम्ही ‘व्हॅम’पासून त्याचे चाहते असाल, तर ‘ट्वेंटीफाइव्ह’.

काही संग्रहांबद्दल थोडक्यात सांगून पुरे. सेलिन डिऑनच्या 1999 च्या ‘ऑल द वे’मध्ये सोळापैकी सात गाणी तेव्हा नवी होती. हिट्स म्हणून घेणाऱ्याला हे प्रमाण जड जातं. तिच्यासाठी 2008 चा ‘माय लव्ह’ बघा. बिली जोएलचा 1985 चा पहिला-दुसरा खंड अजूनही उत्तम. दोन नवी गाणी होती, ती शहाण्यासारखी शेवटी ठेवली. ‘से गुडबाय टू हॉलीवूड’ त्यात प्रत्यक्ष मैफलीतलं आहे, आणि मला ते स्टुडिओतल्यापेक्षा जास्त आवडतं.

एक सावधगिरी मात्र जरूर. जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क अनेकदा गायकाकडे नसतात, जुन्या कंपनीकडे असतात. मग तीच गाणी उतारवयात पुन्हा गाऊन वेगळ्या कंपनीकडून संग्रह काढले जातात. मी असा एक संग्रह घरी आणून लावला आणि पहिल्याच कडव्याला कळलं की काहीतरी वेगळं आहे. लय तीच, शब्द तेच, पण सिंथेसायझर गुळगुळीत आणि गायक प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास राखून गातोय. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात ‘पुन्हा ध्वनिमुद्रित’ अशा अर्थाचे शब्द होते. घेण्याआधी ते शोधा, आणि जमलं तर ओळखीच्या एका गाण्याचं अर्धं मिनिट ऐकून बघा. तसंच नव्या रीमास्टरचा, म्हणजे जुनंच ध्वनिमुद्रण नव्याने घासूनपुसून काढलेल्या आवृत्तीचा, आवाज मोठा असतो म्हणून तो चांगला, असंही धरू नका. जुन्या सीडीचा आवाज थोडा वाढवून दोन्ही एका पातळीवर आणा, मग ठरवा. पुष्कळदा जुनीतच हळू आणि मोठ्या जागांमधला फरक जास्त जिवंत असतो.

शेवटी मायकल जॅक्सन. 2003 चा ‘नंबर वन्स’ एका डिस्कवर अठरा गाणी देतो, आणि नाव काही असलं तरी त्यातलं ‘थ्रिलर’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंतच गेलं होतं. ‘वॉना बी स्टार्टिन समथिन’ आणि ‘रिमेंबर द टाइम’ त्यात नाहीत. 2005 च्या ‘द इसेन्शियल’मध्ये दोन्ही आहेत. पण मी तो सुचवते ते सुरुवातीसाठी. तो 1969 च्या ‘आय वॉन्ट यू बॅक’ने उघडतो. पियानोची ती घसरत येणारी लकेर, आणि मग अकरा वर्षांचा मुलगा, मोठ्या माणसाच्या विरहाचे शब्द, आणि सुरात तसूभर चूक नाही. डिस्क तशीच चालू द्या. पोराचा आवाज फुटतो, स्थिरावतो, आणि मग 1979 चं ‘डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ’ येतं. आधी तो पुटपुटतो, मग किंचाळतो, आणि त्या उंच, पातळ आवाजात गायला लागतो. तो आवाज पोराचा नाही आणि पुरुषाचाही नाही, त्याचा स्वतःचा आहे.