कृष्णद्रव्य–कृष्णऊर्जा देवघेव: प्रकल्पाला अंतरं घ्यावीत की दीर्घिकांची वाढ?

"मॅडम, कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा एकमेकांशी देवघेव करतात का, यावर प्रकल्प करायचाय. अतिनवतारे घेऊ की दीर्घिका?" अमरावती रोडवर चहा घेताना एमएस्सीच्या दोघींनी विचारलं. तिथे अर्धवट राहिलेलं उत्तर इथे पुरं करते. अतिनवतारे म्हणजे स्फोट पावणारे तारे (सुपरनोव्हा); त्यांवरून अंतरं मोजतात, दीर्घिकांवरून त्यांच्या समूहांची वाढही.

विश्वाच्या हिशेबात कृष्णऊर्जा (प्रसरणाला वेग देणारी) सुमारे ६८ टक्के, कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य) २७. नेहमीच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) दोघांचा संबंध गुरुत्वापुरताच. देवघेव मानली की दोघांच्या समीकरणांत क्यू हे पद येतं: एकीकडे जमा, दुसरीकडे वजा. काटोलकडच्या दोन संत्रा-बागायतदार भावांचं एकत्र खातं समजा. पासबुकात एकूण शिल्लक दिसते. थोरल्याने धाकट्याला काही दिलं का, ते दिसत नाही. त्यासाठी धाकट्याच्या बागेत जाऊन झाडं कशी वाढलीत ते बघावं लागतं.

अंतरं म्हणजे हे पासबुक: त्यांतून प्रसरणाचा एकूण वेगच कळतो. काम सोपं आहे, आणि ही मोठी जमेची बाजू. पॅन्थिऑन प्लस या संग्रहात १,५५० अतिनवताऱ्यांचे १,७०१ प्रकाशवक्र (तेज काळानुसार कसं बदललं त्याच्या नोंदी) सगळ्यांसाठी खुले आहेत. डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाच्या २०२५ च्या निकालात १ कोटी ४० लाखांहून जास्त दीर्घिका आणि क्वासारांचं (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचं) सार अवघ्या १३ आकड्यांत आलंय. कुठल्याही लॅपटॉपवर चालेल. एक चूक मात्र हमखास होते. पॅन्थिऑनच्या फाइलमध्ये प्रत्येक ताऱ्यापुढे त्रुटीचा रकाना आहे, तो आलेखापुरता. बसवणीसाठी (प्रतिमान नोंदींशी जुळवताना) १,७०१ बाय १,७०१ ची सहप्रचरण सारणीच, म्हणजे नोंदींच्या त्रुटी एकमेकींशी किती निगडित आहेत ते सांगणारी, घ्यायची, नाहीतर उत्तर खोट्या खात्रीचं येतं.

अंतरांची खरी अडचण वेगळी आहे. देवघेवीमुळे प्रसरणाचा जो वेग मिळतो, तोच वेग देवघेव न मानता, कृष्णऊर्जा काळानुसार बदलते असं धरूनही मिळवता येतो. अतिनवतारे आणि विश्वपार्श्वप्रारणाच्या (आरंभीच्या विश्वातून उरलेल्या प्रारणाच्या) जोडीने डेसीला कृष्णऊर्जा बदलत असल्याची चाहूल लागली. पॅन्थिऑन प्लससोबत ती २.८ सिग्मा भरते (सिग्मा हे खात्रीचं माप). ती देवघेव म्हणून वाचावी की बदलती कृष्णऊर्जा म्हणून, हे नुसती अंतरं सांगणार नाहीत. मी स्वतः डब्ल्यू (कृष्णऊर्जेच्या दाबाचं तिच्या घनतेशी गुणोत्तर) उणे एकच्या जवळ बांधून बसवणी केली तेव्हा क्यू शून्यापासून दूर दिसला आणि मला फार आनंद झाला. डब्ल्यू मोकळा सोडला, क्यूच्या शक्य किमतींचा पट्टा रुंदावला, शून्य आत आलं.

वाढ, म्हणजे गुरुत्वाने दीर्घिकांचे समूह वाढत जाणं, ही बाग. दीर्घिका दाट भागाकडे ओढल्या जातात, त्या वेगामुळे ताम्रसृतीच्या (प्रकाश किती लालसर झाला त्यावरून काढलेल्या) नकाशात मोठे समूह दृष्टिरेषेच्या दिशेने दबलेले दिसतात. या दबण्यावरून वाढीचा दर निघतो, आणि देवघेव असेल तर तो बदलतो. म्हणून निर्णायक पुरावा इथेच मिळण्याची आशा मला जास्त वाटते. पण कष्टही इथेच. क्लाससारख्या, विश्वाची वाटचाल गणणाऱ्या आज्ञावलीत विक्षोभांची (घनतेतल्या छोट्या चढउतारांची) समीकरणं हाताने बदलावी लागतात. डब्ल्यू स्थिर ठेवून क्यू कृष्णद्रव्याच्या घनतेशी जोडलात, तर काही प्रतिमानांत आरंभीच्या विश्वातच विक्षोभ बेसुमार वाढतात. हे २००८ पासून माहीत आहे, तरी विद्यार्थी आपलाच कोड चुकला म्हणून आठवडे घालवतात. शिवाय क्यू-डब्ल्यूच्या किमती आजमावत जाणाऱ्या गणनेच्या साखळ्या रात्र-रात्र चालतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप कूलरसमोर ठेवूनही तापतो.

हातात एकच सत्र असेल तर अंतरं घ्या, डब्ल्यू मोकळा ठेवा आणि निष्कर्षात "देवघेव सापडली" असं लिहू नका. "इतक्या मर्यादेत असू शकते" एवढंच लिहा. वर्ष असेल तर वाढच घ्या. त्या दोघींना मी मधला रस्ता सुचवला: अंतरांची बसवणी आधी पुरी करायची, मग वाढीचं एकच अवकल समीकरण सोडवून प्रसिद्ध झालेल्या वाढ-दरांशी ताडून बघायचं. क्लासला हात न लावता हे जमतं.

आणि कुठलाही मार्ग घ्या, क्यूचं चिन्ह वहीच्या पहिल्याच पानावर लिहा: धन म्हणजे कृष्णऊर्जेकडून कृष्णद्रव्याकडे. शोधनिबंधांत दोन्ही रूढी चालतात, आणि दुसऱ्याच्या निकालाशी तुलना करताना तेच पान उघडावं लागतं.