कॅमेऱ्याचा ‘वेग वाढवून देणाऱ्या’ दुकानदारांपासून सावध राहा

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींना सध्या एक नवीच वस्तू विकली जात आहे. तिचे नाव दुकानागणिक बदलते. कोणी तिला ‘स्पीड किट’ म्हणते, तर कोणी ‘बर्स्ट पॅकेज’. त्यात एक मेमरी कार्ड असते आणि ‘कॅमेऱ्याचे ट्यूनिंग’ नावाची एक सेवा असते. माझ्याकडून या दोन्हींचे मिळून साडेसहा हजार रुपये घेण्यात आले. कार्ड बनावट निघाले, हा या प्रकरणाचा लहान भाग झाला. ज्या प्रात्यक्षिकाने माझी खात्री पटवली गेली तेच मुळात बनवाबनवीचे होते, आणि ते इतके सफाईदार होते की ते कसे केले जाते हे सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझा कॅमेरा निकॉन डी 5600 हा आहे. व्यावसायिक वापरासाठी तो बनवलेलाच नाही. सेकंदाला जास्तीत जास्त 5 छायाचित्रे काढणे ही त्याची मर्यादा आहे, आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवलेली फाइल) 14 बिटची, म्हणजे अधिक बारकावे नोंदवणारी, ठेवली तर तो वेग 4 वर येतो. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर नदी सुरय पाण्यात सूर मारतो, किंवा रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा पाण्यावरून धावत उडतो, तेव्हा हा वेग अपुरा वाटतो. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी की काही छायाचित्रांनंतर कॅमेरा अडखळतो. ही अडचण घेऊन मी शहराच्या मध्यवस्तीतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात एका दुकानात गेलो. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रार दाखल झालेली आहे आणि तिचा निकाल लागायचा आहे.

दुकानातील तरुणाने कॅमेरा हातात घेतला, माझ्याच जुन्या कार्डावर काही छायाचित्रे काढली आणि म्हणाला, “काका, तुमचा कॅमेरा दमदार आहे, पण कार्ड त्याला मागे खेचतंय. आवाज ऐका.” शटरचा आवाज खरोखरच अडखळत येत होता. मग त्याने एका नामांकित कंपनीच्या वेष्टनातील 128 गिगाबाइटचे कार्ड काढले, “फॉरमॅट करून देतो, ट्यूनिंगही करतो” असे म्हणत मेनूमध्ये काही बदल केले आणि पुन्हा शटर दाबून धरले. या वेळी आवाज शिवणयंत्रासारखा अखंड येत राहिला आणि त्याने बोट उचलेपर्यंत थांबला नाही. कानांनी ऐकलेल्या गोष्टीवर शंका घेण्याचे कोणाला सुचणार? मी पैसे दिले. बिलावर त्याने ‘कॅमेरा ॲक्सेसरीज’ एवढेच लिहिले.

पुढच्या फेरीत छायाचित्रे भरपूर आली, परंतु संगणकावर पाहिल्यावर प्रत्येक छायाचित्र 2992 गुणिले 2000 पिक्सेलचे निघाले. या कॅमेऱ्याचे पूर्ण छायाचित्र 6000 गुणिले 4000 पिक्सेलचे असते. म्हणजे 24 मेगापिक्सेलऐवजी माझ्या हाती केवळ 6 मेगापिक्सेल आले होते, तेही जेपेगच्या, म्हणजे आकुंचित करून साठवलेल्या फाइलच्या, सर्वांत हलक्या ‘बेसिक’ दर्जात, आणि रॉ फाइल एकही नव्हती. दुकानात दूरध्वनी केला तेव्हा, फॉरमॅट करताना सेटिंग कधी कधी बदलतात, असे उत्तर मिळाले. हे उत्तर खोटे होते. कार्ड फॉरमॅट केल्याने छायाचित्राचा आकार वा दर्जा बदलत नाही. संपूर्ण कॅमेरा रीसेट केला, तरीही तो ‘जेपेग नॉर्मल’ आणि ‘लार्ज’ या मूळ मांडणीवर येतो. ‘बेसिक’ आणि ‘स्मॉल’ हे दोन्ही पर्याय कोणीतरी हाताने निवडावेच लागतात.

मी मांडणी पूर्ववत करून रॉ आणि जेपेग एकत्र असे ठेवले, आणि त्यानंतरच्या फेरीत कार्डाचे खरे रूप उघडे पडले. थोडी छायाचित्रे निघताच कॅमेरा थबके, कार्डावर लिहिणे सुरू असल्याचा हिरवा दिवा बराच वेळ जळत राही, आणि तेवढ्यात पक्षी निघून जाई. जुन्या कार्डावर हे इतके वाईट कधीच नव्हते. घरी आल्यावर असे दिसले की सुरुवातीची सुमारे चारशे छायाचित्रे ठीक होती. त्यापुढच्या फाइली एकतर उघडत नव्हत्या किंवा अर्ध्या राखाडी पट्ट्यांनी भरलेल्या होत्या. छायाचित्र काढल्याबरोबर पडद्यावर जे दिसते ते कॅमेऱ्याच्या अंतर्गत स्मृतीतून दाखवले जाते, त्यामुळे पाण्यावर असताना यातील काहीच लक्षात येणे शक्य नव्हते.

आता त्या प्रात्यक्षिकाविषयी. दुकानातील दोन्ही चाचण्यांच्या फाइली माझ्याजवळ शिल्लक होत्या: पहिल्या चाचणीच्या जुन्या कार्डावर आणि दुसऱ्या चाचणीच्या नव्या कार्डावर. प्रत्येक डिजिटल छायाचित्रात ते कोणत्या मांडणीवर आणि नेमके केव्हा काढले याची नोंद दडलेली असते, आणि ‘एक्झिफटूल’ या विनामूल्य प्रणालीने ती पूर्ण वाचता येते. निकॉनचा कॅमेरा सेकंदाच्या शतांशापर्यंत वेळ नोंदवतो, त्यामुळे दोन छायाचित्रांमधील अंतर काढून वेग मोजता येतो. मी दोन्ही चाचण्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि सारे चित्र स्पष्ट झाले.

पहिल्या चाचणीत फाइली रॉ अधिक जेपेग फाइन होत्या, शटरचा वेग 1/30 सेकंद होता, स्वयंफोकस चालू होता, आणि छायाचित्रांमधील अंतर सेकंदाला 3 या गतीचे होते. या कॅमेऱ्यात सलग छायाचित्रणाचे दोन पर्याय आहेत. त्यांपैकी ‘एल’ म्हणजे सावकाश पर्यायाची मर्यादा नेमकी सेकंदाला 3 आहे. माझा कॅमेरा नेहमी ‘एच’वर असतो. तो ‘एल’वर कोणी नेला, हे सांगायला ज्योतिषी नको. दुसऱ्या चाचणीत फाइली जेपेग बेसिक आणि स्मॉल होत्या, शटरचा वेग 1/500 होता, फोकस मॅन्युअल होता, आणि गती सेकंदाला 5 होती. दुसऱ्या चाचणीची छायाचित्रे जवळजवळ काळीच आहेत, कारण दुकानातील ट्यूबलाइटच्या प्रकाशात 1/500 ला दुसरे काही येणारच नव्हते. त्याने ती मला पडद्यावर दाखवली नाहीत. मला फक्त आवाज ऐकवला.

यातील प्रत्येक बदल का केला गेला हे समजून घेतले, तर ही फसवणूक कोठेही ओळखता येईल. सलग छायाचित्रणाचा वेग तीन ठिकाणी अडतो. पहिला अडसर यांत्रिक असतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, प्रत्येक छायाचित्राला आरसा वर जाऊन खाली यावा लागतो आणि शटर नव्याने सज्ज व्हावे लागते, म्हणून जी मर्यादा कारखान्यात ठरली ती कोणतेही कार्ड ओलांडू शकत नाही. निकॉनचाच डी 500 सेकंदाला 10 छायाचित्रे काढतो, कारण त्याची यंत्रणा त्यासाठीच घडवलेली आहे. दुसरा अडसर म्हणजे बफर, अर्थात छायाचित्रे कार्डावर जाण्यापूर्वी जेथे थांबतात ती अंतर्गत स्मृती. तिसरा अडसर कार्डाच्या लेखनवेगाचा असतो. कार्ड बदलल्याने फक्त या तिसऱ्या ठिकाणी फरक पडतो, आणि तोही बफर भरल्यानंतर. पहिल्या सेकंदाचा वेग स्वस्त कार्डावर आणि महागड्या कार्डावर सारखाच असतो. म्हणून कोणी नवे कार्ड घालून पहिल्याच क्षणापासून आवाज बदललेला ऐकवत असेल, तर बदल अन्यत्र केलेला आहे असे खुशाल समजावे.

माझ्या कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग फाइन मिळून एका छायाचित्राचे वजन 30 मेगाबाइटांहून अधिक भरते. सेकंदाला चार छायाचित्रे धरली तरी 120 मेगाबाइटांचा ओघ झाला. जेपेग बेसिक, स्मॉल फाइल साधारण एक मेगाबाइटची असते, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच मेगाबाइट. एवढा ओघ अगदी रद्दी कार्डही सहज पेलते. अशा मांडणीवर माझ्या जुन्या कार्डानेही तसाच अखंड आवाज काढला. घरी मी तो काढून पाहिला.

कार्डाच्या वरच्या छपाईतच त्याचे बिंग होते. त्यावर यूएचएस-2, व्ही 90 (ही कार्डाच्या वेगाची श्रेणी सांगणारी चिन्हे आहेत) आणि 300 मेगाबाइट प्रति सेकंद असे लिहिले होते. यूएचएस-2 कार्डाच्या मागे धातूच्या संपर्कपट्ट्यांच्या दोन रांगा असतात. या कार्डाला एकच रांग होती. तपासणीला यंत्र लागत नाही, कार्ड उलटे करून पाहिले की पुरे. शिवाय ते अस्सल असते तरी मला उपयोग नव्हता, कारण डी 5600 केवळ यूएचएस-1 पर्यंतच चालतो आणि यूएचएस-1 ची कमाल मर्यादाच 104 मेगाबाइट प्रति सेकंद आहे. हे त्या तरुणाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ या विनामूल्य प्रणालीने मी कार्ड तपासले. ही प्रणाली कार्ड पूर्ण भरेपर्यंत त्यावर माहिती लिहिते आणि मग लिहिलेली प्रत्येक गोष्ट परत वाचून पडताळते. (मॅक आणि लिनक्सवर हेच काम ‘एफ थ्री’ करते.) खरी जागा 15 गिगाबाइटच्या आसपास निघाली, आणि लेखनवेग 9 मेगाबाइट प्रति सेकंद, म्हणजे क्लास 10 या चिन्हासाठी लागणाऱ्या किमान 10 मेगाबाइटांपेक्षाही कमी. अशा कार्डातील नियंत्रक चिप संगणकाला आणि कॅमेऱ्याला खोटी क्षमता सांगते. खरी जागा संपल्यावर पुढची माहिती एकतर कोठेच लिहिली जात नाही किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. संगणकात कार्डाचे गुणधर्म उघडून 119 गिगाबाइट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. अस्सल 128 गिगाबाइटचे कार्डही विंडोजमध्ये एवढेच दिसते, आणि बनावट कार्डालाही तोच आकडा सांगायला शिकवलेले असते.

आता ज्यांना आपल्या साध्या कॅमेऱ्यातून खरोखर अधिक सलग छायाचित्रे हवी आहेत त्यांनी काय करावे, हेही सांगतो, कारण यातले काहीच विकत घ्यावे लागत नाही. रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र ठेवू नयेत. जेपेग फाइन, लार्ज पुरत असेल तर तेच ठेवावे. रॉ हवीच असेल तर 12 बिटची ठेवावी. शटरचा वेग 1/250 किंवा त्याहून जलद असावा, नाहीतर जाहीर केलेला वेग मिळेलच असे नाही. उडत्या पक्ष्यासाठी तर तो याच्या कितीतरी पुढे न्यावा लागतो. वाढीव आयएसओवरील (प्रकाशसंवेदनशीलता वाढवल्यावरचे) नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणेदारपणा कमी करणारी सोय, आणि लेन्सची वक्रता आपोआप सुधारणारी सोय बंद केली, तर बफरमध्ये मावणाऱ्या छायाचित्रांची संख्या वाढते. सतत फोकस करणाऱ्या पद्धतीत फोकसऐवजी शटर सुटण्याला प्राधान्य दिले की अडखळणे कमी होते, मात्र काही छायाचित्रे अस्पष्ट येतील हे गृहीत धरावे. मी स्वतः आता बोट दाबून धरतच नाही. पक्ष्याची हालचाल सुरू होण्याच्या बेतात तीन-चार छायाचित्रांचे लहान तुकडे घेतो, म्हणजे मधल्या वेळात बफर रिकामा होत राहतो. आणि कार्ड घ्यायचेच असेल, तर यूएचएस-1, यू 3 किंवा व्ही 30 चिन्हाचे अस्सल कार्ड पुरेसे आहे. ही दोन्ही चिन्हे सेकंदाला किमान 30 मेगाबाइट लेखनाची हमी देतात. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनाचा असतो आणि तो संगणकावर फाइली उतरवताना उपयोगी पडतो.

दुकानात चाचणी करायचीच असेल तर कॅमेरा आपल्या हातात ठेवावा, मांडणीला कोणालाही हात लावू देऊ नये, आणि दोन्ही कार्डांवर त्याच मांडणीत बफर भरेपर्यंत शटर दाबून मग दिवा विझायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. ‘ट्यूनिंग’ हा शब्द कानावर पडताच मात्र तेथून निघावे.

मी परत गेलो तेव्हा दुकानदाराने प्रथम, तुम्ही कार्ड बदलून आणले आहे, असा आरोप केला. माझ्याजवळ त्यावर इलाज नव्हता, कारण बिलावर ना कंपनीचे नाव होते ना कार्डाचा क्रमांक. मग मी दोन्ही चाचण्यांच्या नोंदींची छापील प्रत त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा सूर बदलला आणि, कार्ड येथे ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू, असे सांगण्यात आले. मी ते ठेवले नाही. पुराव्याची वस्तू हातातून गेली की तक्रारीत उरते ते केवळ आपले म्हणणे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी आधी नोंद केली, आणि तेथून समेट न झाल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, तिची मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वस्तू ऑनलाइन घेतली असेल आणि विक्रेता पैसे घेऊन गायब झाला असेल, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. असे ‘किट’ कोणी आधीच घेतले असेल, तर त्यांनी ते कार्ड तपासण्यापूर्वी त्यातील सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण तपासणीची प्रणाली मोकळी जागा पूर्ण भरून टाकते आणि बनावट कार्डात त्या भरावाखाली दुकानातील चाचणीची छायाचित्रे कायमची पुसली जाऊ शकतात.