पंख्याचा आवाज नसलेला ‘आय-फाइव्ह’ : १३,५०० रुपयांना गंडलो

टीव्हीला जोडून ठेवायला जुना छोटा लॅपटॉप शोधत असाल तर आधी हे वाचा. मग खुशाल हसा, घरचे हसून झालेत.

आमचा टीव्ही ३२ इंची, साधा. चित्र चांगलं दिसतं म्हणून अण्णा बदलू देत नाहीत. बायको म्हणाली होती, टीव्हीला चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लाव आणि मोकळा हो. पण मला हार्ड डिस्कवरचे सिनेमे, नाट्यसंगीताची रेकॉर्डिंगं, पुतण्याच्या मुंजीचं शूटिंग असं सगळं एका जागी हवं होतं. हौस माझीच, कबूल.

जाहिरात अशी: ११ इंची, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, १६,००० रुपये. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबाशेजारी एका अमृततुल्यमध्ये भेटलो. ‘बदली झालीय, सामान कमी करतोय’ हे पालुपद तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. पण त्याने मशीन माझ्या हातात दिलं, सिस्टिमची माहिती उघडून दाखवली, त्यात स्वच्छ ‘आय-फाइव्ह ७२००यू’ लिहिलेलं. विंडोज झटक्यात सुरू झालं. माणूस आणखी काय बघणार?

काय बघणार ते आता सांगतो. टीव्हीच्या खोलीत घरघर नको म्हणून मी लॅपटॉप चक्क कानाला लावला. काहीच आवाज नाही. तो म्हणाला, “दादा, एकदम सायलेंट. टीव्हीमागे आहे हे कळणारसुद्धा नाही.” आणि मी खूश! अरे, आवाज येणार कुठून? आत पंखाच नव्हता. उलटा करून पाहिला तर तळाला ना जाळी, ना गरम हवेला फट. ७२००यू हा १५ वॅटचा प्रोसेसर, असल्या स्वस्त लॅपटॉपात त्याला पंखा लागतोच. हे मला माहीत होतं. ऑफिसात लोक लॅपटॉप घेण्याआधी मला विचारतात हो! तळ माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी घासाघीस करत होतो. १३,५०० ला सौदा. ५०० टोकन आधीच दिलं होतं, उरलेले १३,००० यूपीआयने. क्यूआर भलत्याच नावाचा. “वहिनीचं खातं आहे.” बरं, म्हटलं.

घरी येऊन ३५० ची एचडीएमआय केबल, ११५० चा वायरलेस कीबोर्ड. अण्णा चहा घेऊन समोर बसले. मुंजीचं शूटिंग लावलं. भिक्षावळीत आईचा हात मुंजाच्या झोळीपाशी थिजलेला आणि आवाज मात्र पुढच्या विधीला पोचलेला. अण्णा म्हणाले, “लाइट कमी-जास्त होतायत का?”

फोनवरचं शूटिंग हल्ली बऱ्याचदा एचईव्हीसी या, व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये असतं. सीपीयू-झेड हे प्रोसेसर ओळखणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं तर निघाला सेलेरॉन एन२८४०, इंटेलचाच पण हलका, स्वस्तातला. २०१४ सालचा माल. त्याला एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार दोन बिचाऱ्या कोअरवर. विंडोज जे नाव दाखवतं ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतून येतं, आणि मशीन सुरू झालं की ते बदलणारी छोटी स्क्रिप्ट या पठ्ठ्याने घालून ठेवलेली. एसएसडी मात्र खरी होती, म्हणूनच सगळं चपळ वाटलं. टास्क मॅनेजरमध्ये लॉजिकल प्रोसेसर दोनच दिसत होते, खऱ्या ७२००यूला चार असतात. पाच सेकंदांचं काम होतं. नाहीतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा, तिथे ही स्क्रिप्ट पोचत नाही.

त्याचा फोन तेव्हापासून बंद.

आता चौकीची कथा. पहिला प्रश्न, “बघूनच घेतला ना?” दुसरा, “बिल?” मग, “हा दिवाणी मामला आहे.” मी म्हटलं, साहेब, खोटं नाव दाखवून पैसे घेतले, पूर्वीचं चारशेवीस, आता न्याय संहितेचं कलम ३१८. तर म्हणाले, “वकील आहात का?” सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर व्यवहार झालाय, हा ऑनलाइन गुन्हा नाही, चौकीतच जा. चौकीत गेलो तर आधीचे साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांनी हद्द विचारली: भेटलात कुठे, राहता कुठे, पैसे कुठून पाठवले? तीन उत्तरं दिली, तिन्ही त्यांच्या हद्दीबाहेरची. चार फेऱ्या, दोन अर्ध्या रजा. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

पैसे यूपीआयने गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच तासात फोन करा. मी तिसऱ्या दिवशी केला. आणि टपरीवर सौदा करू नका, घरी बोलवा, तुमच्या टीव्हीला जोडून तुमचीच फाइल चालवून बघा. यायला का-कू करतो? सोडून द्या.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच टेबलक्लॉथ, तोच तिरका स्टिकर, या वेळी १७,०००. स्क्रीनशॉट घेऊन चौकीत धावलो. म्हणाले, “याची प्रिंट आणा. रंगीत, दोन प्रतींत.”