घरगुती पाळणाघर: एकट्या ताईंचं की दोघींचं?

घरगुती पाळणाघर शोधताना बहुतेकदा दोन प्रकारची घरं समोर येतात. एका घरी एकट्या ताई तीन-चार मुलं सांभाळतात, दुसऱ्या घरी दोघी मिळून सात-आठ. आपण साहजिकच दुसऱ्याकडे झुकतो, कारण लक्ष ठेवायला माणसं जास्त. मीही आधी तसाच विचार करायचे. आता दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारते: अजून चालता न येणारी मुलं किती? आग लागली तर एक माणूस दोन तान्ही बाळं उचलून बाहेर पडू शकतो. एकट्या ताईंकडे दोनच तान्ही असतील आणि दोघींकडे पाच, तर या बाबतीत एकट्या ताईंचं घर उजवं.

दोघी असण्याचा फायदा अडचणीच्या वेळी कळतो. एखाद्या मुलाला खोक पडली तर एक त्याला घेऊन दवाखान्यात जाते, दुसरी बाकीच्यांजवळ थांबते. एकट्या ताईंना विचारा, अशा वेळी कोण येतं? शेजारणीचं नाव सांगितलं तर तिला भेटा आणि ती दिवसा घरी असते का, ते तिच्याच तोंडून ऐका.

पण दोघींच्या घरी दोघी दिवसभर असतातच असं नाही. मोठ्या मुलांना शाळेतून आणायला एक जण बाहेर पडते, आणि नेमकी तीच वेळ धाकट्यांच्या जेवणाची असते. घर बघायला त्याच वेळी जा. शिवाय ‘तिचं लक्ष असेल’ असं दोघींना एकाच क्षणी वाटलं की रांगतं मूल न्हाणीघरात पोचतं. बादलीतलं काही सेंटिमीटर पाणीही त्याला बुडवायला पुरतं. म्हणून दोन्ही घरांत मी आधी न्हाणीघर बघते, बादल्या रिकाम्या आहेत ना आणि दाराला वरून कडी आहे ना.

झोपेबाबत मात्र मी एकट्या ताईंना जास्त खोदून विचारते. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक झोपेला पाठीवरच हवं, तेही सपाट, कडक गादीवर. जवळ उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको. थकलेलं माणूस बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर डुलकी काढतं, यात फार मोठा धोका आहे, आणि एकट्या घरात त्यांना उठवायला कुणी नसतं.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच: घरात आणखी कोण राहतं, कोण येतं-जातं, आजी-आजोबांच्या गोळ्या उशाशी असतात का, पडद्यांच्या दोऱ्या लोंबतात का, उंच कपाट भिंतीला पक्कं केलंय का. रिमोटमधल्या चपट्या गोल बॅटरीचं झाकण तर हात लावूनच बघा. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते.

शेवटी विचारा, सहा महिन्यांच्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला श्वास घेता येईना, तर काय कराल? उत्तर चटकन यायला हवं: डोकं खाली धरून पाठीवर पाच थापट्या, मग छातीवर पाच दाब, अडकलेलं निघेपर्यंत आलटून पालटून, आणि त्याच वेळी मदतीला हाक. तोंडात आंधळेपणाने बोट घालणार असतील तर त्यांना प्रथमोपचार येत नाहीत. दोघींपैकी एकीलाच हे येत असेल, तर दुसरी शिकेपर्यंत बाळाला पाठवायची तारीख पुढे ढकला. शाळेतून मुलं आणायला नेमकी कोण गेलेली असेल, ते आपल्या हातात नसतं.