कन्सोल तापतोय: घरी उघडायचा, कारागिराकडे द्यायचा की सर्व्हिस सेंटरला न्यायचा?

गेम सुरू करून अर्धा तास होत नाही तोच फॅन ओरडायला लागतो. मग पडद्यावर मशीन फार गरम झाल्याची सूचना येते आणि कन्सोल बंद पडतो. अशा वेळी चार वाटा दिसतात: कूलिंग स्टँड मागवायचा, स्वतः उघडून साफ करायचा, बाजारातल्या कारागिराकडे द्यायचा किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचा. बहुतेक जण आधी स्टँड मागवतात, कारण त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा लागत नाही. चौघांत सगळ्यात कुचकामी उपाय तोच. त्याचे छोटे पंखे बाहेरची हवा हलवतात; उष्णता अडकलेली असते ती आत, हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत. तिथे धूळ घट्ट बसली असेल तर बाहेरून कितीही वारा घाला, फरक नावापुरता पडतो. त्यामुळे स्टँडचा विषय इथेच सोडू.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, कन्सोल ठेवलाय कुठे? काचेचं दार असलेल्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात असेल तर तो स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढत असतो. प्लेस्टेशन (पीएस) बनवणारी सोनी भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एक्सचा मोठा फॅन वरच्या टोकाला असतो आणि हवा सरळ वर फेकतो, म्हणून त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवणं म्हणजे त्याचं नाक दाबणं. दुसरी गोष्ट खोलीची. पीएस ४ आणि पीएस ५ दोन्हींसाठी सोनीने खोलीच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिली आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना एसी नसलेल्या खोलीत दुपारी मशीन बंद पडलं, तर दोष मशीनचा नाही. डेझर्ट कूलरचा झोत थेट कन्सोलवर सोडायचा मोह होतो, पण ती हवा दमट असते आणि सोबत बाष्पही आत जातं. रात्री खेळा.

आता खरी परीक्षा. कन्सोल मोकळ्या जागी, गार खोलीत ठेवून चालवा. नुसत्या मेन्यूवरही फॅन ओरडत असेल, तर धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) यांपैकी एक कारण बहुधा आहेच. फॅन अजिबात फिरत नसेल किंवा खरखरत असेल, तर फॅनच बदलावा लागेल. फॅन शांत आहे, मशीन गारही आहे आणि तरी झटक्यात बंद पडतं, असं असेल तर पॉवर सप्लायचा, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या भागाचा, संशय घ्यावा. तिथे साफसफाई करून काही हाती लागणार नाही.

पुढचा निर्णय मशीनवर अवलंबून आहे. पीएस ४ आणि पीएस ५ यांना मी एकच सल्ला देणार नाही.

पीएस ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आला. आज घरोघरी असलेल्या बहुतेकांची वॉरंटी केव्हाच संपली आहे, त्यामुळे उघडण्यात गमावण्यासारखं काही नाही. सुरुवातीच्या जाड मॉडेलची रचना नीट समजून घ्या. फॅन बाजूच्या फटींतून हवा ओढतो, ती हीटसिंकमधून ढकलतो, पुढे पॉवर सप्लायमधून मागच्या जाळीने बाहेर काढतो. धुळीचा बोळा अडकतो तो फॅन आणि हीटसिंक यांच्या मधल्या जागेत. बाहेरून ब्लोअर मारला तर सुटी धूळ उडते, पण हा बोळा बरेचदा जागचा हलत नाही. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ यांनी तो तेलकट झालेला असतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी अशा यंत्रमागांच्या गावांत हवेत सुताचे तंतूच असतात, तिथे तर विचारायला नको.

म्हणून घरी उघडायचं ठरवलंत तर काम दोन टप्प्यांत पाहा. पहिला टप्पा फक्त धुळीचा. खालचं कव्हर काढायचं, पॉवर सप्लायचा काळा डबा सरळ वर उचलायचा, की हीटसिंक समोर येतं. यासाठी मधे छिद्र असलेल्या स्टार आकाराच्या स्क्रूंचा ड्रायव्हर लागतो. मोबाईल दुरुस्तीच्या सेटमध्ये तो मिळतो. प्लग काढून काही वेळ थांबल्याशिवाय हात घालू नका, आणि तो काळा डबा मात्र कधीच उघडू नका, त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. ज्याला घरातला मिक्सर उघडून पुन्हा जोडता येतो, त्याला हे जमतं. बऱ्याच मशीनचं दुखणं एवढ्यावरच थांबतं.

दुसरा टप्पा पेस्टचा, आणि तिथे माझा उत्साह कमी होतो. मुख्य चिपपर्यंत जायला डिस्क ड्राइव्ह, मदरबोर्ड, धातूची पत्रं असं सगळं सोडवावं लागतं. वाटेत कागदासारख्या पातळ रिबन केबल येतात. एक फाटली तर डिस्क बाहेर यायची बंद होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी बेताने लावायची, आणि मेमरी चिपांवरचे मऊ थर्मल पॅड जिथल्या तिथे बसवायचे. हे पॅड विसरले किंवा सरकले तर मशीन आधीपेक्षा जास्त तापेल. सामानाला फार पैसे लागत नाहीत, लागतो तो शांत हात आणि दीड-दोन तासांचा वेळ. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढत जाणार असाल तर करा. नाहीतर हा टप्पा कारागिरावर सोडा.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अशा ठिकाणी हे काम करणारे सापडतात. चांगला कारागीर ओळखायची एक सोपी युक्ती: त्याला विचारा, पेस्ट कोणती लावणार आणि पॅड बदलणार का. जो तुमच्यासमोर उघडून दाखवायला तयार असतो, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. याउलट ‘चिपला हीट मारून देतो’ म्हणणारा असेल तर मशीन उचला आणि चालू लागा. ही कल्पना एक्सबॉक्स ३६० च्या काळातली. मशीन बिघडलं की लागणारे त्याचे तीन लाल दिवे कुप्रसिद्ध होते. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली. लोक तेव्हा मशीन टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवायचे, आणि ते थोडे दिवस चालायचंही! पण तो इलाज टिकाऊ नव्हता, आणि तुमच्या पीएस ४ ची तक्रार तर वेगळीच आहे. धूळ भरलेल्या मशीनची चिप तापवण्यात काही अर्थ नाही.

पीएस ५ चं गणित उलटं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सोनीच्याच यासुहिरो ओतोरी या अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर हे मशीन उघडून दाखवलं. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये पेस्ट नसून द्रवरूप धातू आहे, हे त्यात दिसतं. उष्णता वाहून न्यायला तो उत्तम, पण वीजही वाहून नेतो. एक थेंब मदरबोर्डवर भलत्या जागी गेला तर शॉर्ट होऊन मशीन कायमचं गेलं. म्हणून हीटसिंकपर्यंत स्वतः जाऊ नका, आणि ज्या कारागिराने द्रव धातूचं काम पूर्वी केलेलं नाही त्यालाही जाऊ देऊ नका. त्याच्या जागी साधी पेस्ट लावून देतो म्हणणाऱ्याला तर नाहीच.

सुदैवाने सोनीने धुळीची सोय बाहेरच ठेवली आहे. बाजूची कव्हरं हातानेच निघतात, आत फॅन दिसतो आणि धूळ साठावी म्हणून मुद्दाम ठेवलेली दोन छिद्रं असतात. व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर ठेवून ती ओढून घ्या, झालं. पीएस ५ वाल्यांनी घरगुती उपाय इथेच थांबवावेत. तरीही तापत असेल तर सर्व्हिस सेंटर. पहिलं वर्ष वॉरंटीचं असतं, त्या काळात दुसरीकडे कुठे दाखवूच नका. आधी कोणी आत हात घातलेला दिसला तर तिथे वाद होतो. वॉरंटी संपल्यावर तिथलं अंदाजपत्रक महाग वाटू शकतं. पण पीएस ४ च्या बाबतीत जे वाचवलेले पैसे ठरतात, ते इथे जुगारात लावलेले ठरू शकतात.

सर्व्हिस सेंटरला देण्याआधी सेव्ह केलेल्या गेमचं बघा. दुरुस्तीत मशीन फॉरमॅट होऊ शकतं, कधी तुमच्याऐवजी दुसरंच हाती येतं. पीएस ४ चा सेव्ह डेटा पेन ड्राइव्हवर उतरवता येतो. पीएस ५ च्या गेमचा तसा सुटा उतरवता येत नाही, तो पीएस प्लस या सोनीच्या सशुल्क सदस्यत्वाच्या क्लाउडवर जातो. सदस्यत्व नसेल तर एका महिन्याचं घ्या आणि मशीन गार असताना, सकाळीच, अपलोड उरकून टाका. आत साठवणुकीसाठी वेगळी एसएसडी (ड्राइव्ह) बसवली असेल तर ती काढून घरी ठेवा.